एल्कचा कोट आणि आजीची सॅक

मुलांनो, या गोष्टीतली आजी आपल्याकडची नाही. ती राहते अमेरिकेत, मॉन्टाना नावाच्या राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी. नोव्हेंबरचा शेवट आहे. बाहेर गुडघाभर बर्फ पडलाय. तिची चौदा वर्षांची नात सुट्टीला आलीय आणि दोघी मिळून उद्या एल्कच्या शिकारीला निघणार आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. नराचं वजन तीनशे किलोंच्या वर जातं, मादी सव्वादोनशेच्या आसपास भरते.

शिकार म्हटल्याबरोबर तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या पडायलाच हव्यात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. मॉन्टानातली तऱ्हा निराळी. तिथे कोणत्या भागात, किती दिवस आणि कोणती जनावरं मारता येतील हे सरकार ठरवतं. परवाना काढावा लागतो, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देणं हा गुन्हा धरला जातो. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा 1937 च्या एका कायद्याने वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेबंद शिकारीमुळे एल्क एक लाखाच्याही खाली आले होते. आज उत्तर अमेरिकेत ते दहा लाखांच्या घरात आहेत. आजीच्या घरी वर्षभराचं मांस एकाच एल्कमधून येतं. एवढं ठाऊक असू द्या, म्हणजे गोष्ट नीट कळेल.

तिथला बंदुकीचा हंगाम पाच आठवड्यांचा असतो. सुरुवातीला एल्क उंचावर, माणसाचा पाय सहसा लागत नाही अशा रानात असतात. मग बर्फ साचतो, त्याखाली गवत गाडलं जातं आणि कळप हळूहळू खाली उतरतात. म्हणून शेवटच्या आठवड्यात ते गाठणं थोडं सोपं होतं. पण त्यांना खाली आणणारी थंडी माणसाच्याही हाडांत शिरते. याच मॉन्टानात 20 जानेवारी 1954 रोजी रॉजर्स खिंडीत पारा उणे 57 अंशांपर्यंत उतरला होता. नोव्हेंबरात इतकं होत नाही, पण उणे वीसची रात्र तिथे कुणाला नवी नाही.

नातीने आपलं सामान पलंगावर मांडलं होतं. जीन पँट, सुती बनियन, जाड सुती स्वेटशर्ट आणि दुकानातून आणलेला एक फुगीर कोट. आजीने काही न बोलता कोट बाजूला ठेवला आणि बाकीचं सगळं परत कपाटात टाकलं.

"पण हे कपडे उबदार आहेत!" नात म्हणाली.

"घरात आहेत," आजी म्हणाली. "डोंगर चढायला लागलीस की घाम येईल. सूत तो पिऊन घेईल आणि सोडणार नाही. मग तू थांबशील, आणि तो ओला कपडा तुझ्या अंगातली ऊब ओढायला लागेल."

यातलं विज्ञान ऐका. आपल्याला ऊब कपडा देत नाही. कपड्यात अडकलेली हवा शरीराची ऊब धरून ठेवते. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. पाण्यातून ती हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने निसटते. ओल्या सुती कपड्यात हवेच्या जागा पाण्याने भरतात, मग तो कपडा अंगावर असून नसल्यासारखा होतो. तिकडचे जुने शिकारी नवख्यांना सगळ्यात आधी हेच बजावतात, की सुती कपडा डोंगरात जीव घेतो.

मग आजीने लोकरीचे थर काढले. अंगालगत पातळ, त्यावर जरा जाड. लोकरीचा केस सरळ नसतो, नागमोडी असतो. त्यामुळे केस एकमेकांवर चपटे बसत नाहीत, मधे हवा राहते. आणि खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ केसाच्या आत शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. आपल्या धनगरांना हे कुठल्या प्रयोगशाळेने शिकवलं नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी डोक्यावर घेऊन ते आषाढाच्या पावसात माळावर उभे राहतात आणि आतून उबदार राहतात. मॉन्टानातली आजी आणि माणदेशातला धनगर यांची कधी गाठ पडली नसेल, पण दोघांनी भरवसा ठेवला तो मेंढीवरच.

"आणि हा कोट?" नातीने विचारलं.

कोटात बदकाची पिसं होती, छातीवरची, कणा नसलेली, अगदी मऊ. वजनाच्या मानाने याहून उबदार वस्तू माणसाला अजून सहजी साधलेली नाही. पण ती भिजली की तिचे गोळे होतात आणि हवा निघून जाते. बदकाचं तसं होत नाही, कारण त्याच्या वरच्या पिसांना तेल असतं आणि ती पाणी आत येऊ देत नाहीत. आजीने कोट पाणी न लागणाऱ्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवला. चढताना घालायचा नाही. वर पोचून बर्फात बसलं की घालायचा.

आता एल्ककडे वळू. त्याने हे सगळं कपाट अंगावरच बाळगलंय. उन्हाळ्यात त्याचा कोट पातळ, तांबूस असतो. थंडी यायच्या आधी त्याच्या जागी दुहेरी कोट येतो. वर लांब, राठ केस, त्यावरून बर्फ घसरतो. खाली दाट मऊ लोकर, तिच्यात हवा कोंडून राहते. माणसाने शोधली म्हणून सांगतात ती थरांची पद्धत हीच. शिवाय एल्कच्या पोटात भट्टी आहे. तो रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव वाळकं गवत आंबवत असतात आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. बर्फात बसून रवंथ करणारा एल्क आतून स्वतःला शेकत असतो. शिवाय कडक थंडीत तो फिरणंच कमी करतो, म्हणजे साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरते.

एल्कहून उत्तरेला कॅरिबू राहतो. त्याच्या राठ केसांच्या आतच हवेच्या पोकळ्या असतात. ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते कॅरिबूच्या कातड्याचे दोन कपडे करतात. आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. कातडी निवडतात तीही उन्हाळा सरताना आणि शरदात मारलेल्या जनावराची. एका जातीच्या माशीच्या अळ्या कॅरिबूच्या पाठीत संसार मांडतात आणि वसंतात कातडीला भोकं पाडून बाहेर पडतात. उन्हाळा सरेपर्यंत ती भोकं भरून येतात. केसही तेव्हा बेताचे असतात, भर हिवाळ्यातल्यासारखे फार जाड आणि गळणारे नसतात. टोपीच्या कडेला ते वोल्वरिन नावाच्या प्राण्याची फर लावतात, कारण श्वासाचं दव तिच्यावर गोठलं तरी हाताने झटकून टाकता येतं. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन 1903 पासून 1905 पर्यंत ग्योआ हेवन इथे मुक्कामाला होता. तेव्हा त्याने शेजारच्या नेत्सिलिक इन्युइटांकडून हे कपडे वापरायला शिकून घेतले. 14 डिसेंबर 1911 ला तो दक्षिण ध्रुवावर पोचला, त्यामागे ही शिकवणी होती. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो ध्रुवापेक्षा या शिकण्यासाठी.

एल्क आणि आपल्यात एक फरक मात्र आहे. तो कोट काढू शकत नाही, आपण काढू शकतो. मॉन्टानात हे फार उपयोगी पडतं. लोमा नावाच्या गावात जानेवारी 1972 मध्ये चोवीस तासांत पारा उणे 48 वरून अधिक 9 अंशांवर चढला होता, कारण डोंगरावरून उतरणारा कोरडा उबदार वारा सुटला. अशा मुलखात एकच जाड कोट घेऊन जाणारा फसतो. म्हणून आजीचा नियम असा, की गाडीतून उतरून चढायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. नातीला तो नियम मुळीच आवडला नाही. पण अर्ध्या तासात ती उबेला आली आणि तिचा आतला थर कोरडाच राहिला.

पायांचं सांगायचं राहिलं. बूट होते रबराच्या तळाचे आणि आत लोकर दाबून केलेलं जाड अस्तर, सुटं निघणारं, म्हणजे रात्री वाळवता येतं. नातीने दोन मोजे घालून नाडी करकचून आवळली. आजीने ती सैल केली. का, सांगतो. थंडी पडली की आपलं शरीर आधी हृदय, मेंदू, पोट सांभाळतं आणि हातापायांच्या टोकांकडचं रक्त कमी करतं. त्यात बूट घट्ट असला तर उरलंसुरलं रक्तही पोचत नाही, आणि दाबलेल्या मोज्यातली हवाही जाते. लांडगे आणि कॅरिबू यांच्या पायांत निसर्गाने दुसरीच युक्ती केली आहे. पायाकडे जाणारी गरम रक्ताची नळी आणि परत येणारी थंड रक्ताची नळी अगदी लगटून असतात. जाणाऱ्या रक्ताची ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला मिळते, आणि पाय बर्फावर थंड राहूनही गोठत नाही. आपल्या हातापायांत ही सोय थोडी आहे, पण त्यांच्याइतकी नाही. म्हणून आजीच्या सॅकमध्ये दोन कोरडे मोजे जास्तीचे होते, आणि चार बोटं एकत्र राहतील असे हातमोजे होते. बोटं वेगळी ठेवली की प्रत्येक बोट चहूबाजूंनी उष्णता गमावतं.

यानंतर आजीने काढलं ते झगझगीत नारिंगी जाकीट. नातीला वाटलं, आता तर एल्क मैलभरावरून पळतील! पण तिथला कायदा सांगतो, बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर निदान 400 चौरस इंच नारिंगी रंग दिसला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी तुम्हाला लागणार नाही. आणि एल्क? हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. तांबडा आणि नारिंगी त्यांना हिरवट-पिवळट, मळकट दिसतो, झाडाझुडपांत मिसळणारा. आता ताडोबाचा वाघ आठवा. इतका भडक केशरी प्राणी हिरव्या रानात लपतो कसा, हे कोडं तुम्हालाही पडलं असेल. तो लपतो ते चितळाच्या आणि सांबराच्या डोळ्यांपासून. त्यांना तो हिरवाच दिसतो. माकडाच्या डोळ्यांत आपल्यासारख्या तीन पेशी असतात, म्हणून त्याला तो केशरी दिसतो. मॉन्टानाचं जाकीट आणि ताडोबाचा वाघ एकाच आंधळेपणाचा फायदा घेतात. विज्ञानात मला असे दुवे सापडले की त्या दिवशी जेवण गोड लागतं.

पण आजीने ते जाकीट नेहमीच्या पावडरीत धुतलं नव्हतं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं घालतात. ती अतिनील प्रकाश घेऊन निळा उजेड फेकतात. हरणांना निळा रंग आपल्यापेक्षा जास्त नीट दिसतो, आणि अतिनील प्रकाशही त्यांच्या डोळ्यांत शिरतो. तांबडं लपलं, निळं उघडं पडलं, असं व्हायचं.

डोळे फसतील, नाक नाही. म्हणून सॅकच्या पट्ट्याला बारीक पावडरची एक छोटी डबी बांधलेली होती. ती दाबली की भुकटीचा ढग उडतो आणि वारा कुठे चाललाय ते दिसतं. डोंगरात वाऱ्याचं वेळापत्रक असतं. रात्रभर थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते, आणि ऊन पडलं की तापलेली हवा वर चढते. त्या दोघी अंधारात खालून निघाल्या, म्हणजे वरच्या एल्कचा वास त्यांच्याकडे आणि त्यांचा वास खाली, असं जमलं. ऊन चढण्याआधी कळपाच्या उंचीवर पोचायला हवं होतं, नाहीतर वाऱ्याने चुगली केली असती.

दुर्बीण, चाकू, दोर, डोक्याला बांधायची बॅटरी, काडेपेटी, नकाशा या गोष्टी तुम्हीही आठवणीने घेतल्या असत्या. पण थंडीत वस्तूंचा स्वभाव बदलतो, तो पाहण्यासारखा आहे. बॅटरीच्या सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून जास्तीचे सेल आतल्या खिशात, छातीशी. तिखटाचा फवारा मारून अस्वलाला परतवायचा डबाही कोटाच्या आत, कारण थंडीत त्यातल्या वायूचा दाब उतरतो आणि ग्रिझली अस्वल काही आपल्या सोयीने वाट पाहत नाही. रायफलचं तेल घट्ट होतं आणि घोडा ओढला तरी आतली सुई सुस्तपणे पुढे जाते, म्हणून आजीने आदल्या रात्री तेल जवळजवळ पुसूनच काढलं. आणि त्यांनी आदली रात्र पायथ्याशी कापडी तंबूत काढली तेव्हा रायफल बाहेर, थंडीतच ठेवली. गार लोखंड उबदार तंबूत आणलं की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन जमते. मग पहाटे बाहेर काढली की ते पाणी आतल्या आत गोठतं.

पाण्याची बाटली आजीने उलटी ठेवली, तोंड खाली. नात हसली. पण बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो आणि पाणी वरून गोठायला लागतं. बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी धरतो, झाकण मोकळं राहतं. याच गुणामुळे तळ्यांचं पाणी वर गोठतं आणि खाली मासे जगतात.

स्टोव्हचंही तसंच. छोट्या डब्यातला ब्यूटेन गॅस उणे अर्ध्या अंशालाच उकळायचा थांबतो. त्याहून थंडीत तो द्रवच राहतो आणि शेगडी पेटत नाही. म्हणून आजीकडे पंप मारून पेटवायचा, पातळ इंधनाचा स्टोव्ह होता, आमच्या लहानपणी घरोघरी रॉकेलचे असायचे तसाच. बर्फ तोंडात टाकून तहान भागवायची नाही, असंही तिने बजावलं होतं. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी उष्णता लागते आणि ती तुमच्या अंगातून जाते.

सूर्योदयानंतर थोड्या वेळात त्यांना पाइनच्या कडेला सात-आठ माद्या दिसल्या. आजीकडे मादीचाच परवाना होता. तिने बराच वेळ वाट पाहिली, एक मादी बाजूला झाली, आणि एकाच गोळीत ती पडली. नात गप्प होती. आजीने तिला रडू दिलं, आणि मग म्हणाली, "आता घाई करायला हवी."

बाहेर उणे बारा अंश थंडी. मांस तर आपोआप गोठेल, मग घाई कशाची? पण तो दुहेरी कोट आठवा. तो जिवंतपणी जितकं काम करायचा तितकंच आत्ताही करत होता. शरीराची अडतीस-एकोणचाळीस अंशांची ऊब आत कोंडलेली, पोटातली भट्टी अजून पेटलेली. अशा वेळी बर्फावर पडलेलं जनावर तसंच रात्रभर ठेवलं तर मांडीच्या हाडाजवळचं मांस आतून आंबतं, बाहेरचे केस गोठलेले असले तरी. म्हणून आधी पोट मोकळं करायचं, कातडं सोडवायचं आणि मांसाचे मोठे तुकडे हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून फांदीला टांगायचे. सूत अंगावर नको म्हणणाऱ्या आजीच्या या पिशव्या मात्र सुती होत्या. इथे ओल बाहेर काढणं आणि ऊब उडवून लावणं हेच काम होतं.

गोळी आजीने तांब्याची निवडली होती. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला सगळ्या सामानात तेच फार मोलाचं वाटतं. शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरली की तिचे कण उडतात, काही डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. आतडी, फुफ्फुसं रानातच राहतात. त्यावर डोमकावळे, सोनेरी गरुड, पांढऱ्या डोक्याचे गरुड येतात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. शिसं मज्जासंस्था पोखरतं. गरुड उडू शकत नाही, उपाशी मरतो. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर नावाची प्रचंड गिधाडं याच विषाने नाहीशी व्हायच्या बेताला आली होती. म्हणून त्या राज्याने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. आपल्या गिधाडांची गोष्टही अशीच आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक नावाचं औषध मढ्यातून त्यांच्या मूत्रपिंडांत गेलं आणि महाराष्ट्राचं आभाळ ओस पडलं. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, पण तोवर फार उशीर झाला होता. मरणाऱ्याच्या अंगात काय राहिलं याचा विचार मेजवानीला येणाऱ्यांसाठी करावा लागतो. तांब्याची गोळी महाग पडते, पण फुटून विखुरत नाही. मॉन्टानात ती सक्तीची नव्हती. आजीने ती आपणहून घेतली.

हाडं काढूनसुद्धा मांस साठ-सत्तर किलो भरलं. दोघींच्या पाठींवर एका खेपेत ते येणं शक्य नव्हतं. अर्धं मांस घेऊन त्या दुपारी उतरायला लागल्या, कारण तिथे नोव्हेंबरअखेर दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. तंबूत आल्यावर नातीने न सांगता बुटांतली अस्तरं काढून स्टोव्हजवळ टांगली, रायफल रिकामी करून बाहेरच्या पेटीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशीच्या खेपेसाठी घसरगाडीचा दोर तपासायला बसली.